वाळवी आणि इंदूरचा खड्डा

मराठीत वाळवी, कन्नडात गेद्दलु, हिंदीत दीमक. कुठल्याही भाषेत हे नाव निघाले की माणूस आधी दाराच्या चौकटीकडे बघतो आणि मग कपाटातल्या जुन्या कागदांकडे. हातोदला मात्र मला ती शेतात भेटली.

हातोद हे इंदूरजवळचे गाव. माळव्याची काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू आणि हरभरा. माझी मावसबहीण तिकडे दिलेली. तिच्या यजमानांनी मला बांधाकडेला नेले आणि "ताई, हे बघा," म्हणत गव्हाचे एक रोप दोन बोटांनी उचलले. ते अलगद हातात आले. मूळ असे काही उरलेच नव्हते. ओंबी पांढरीफटक, आत दाणा नाही. ज्या तुकड्याला पाणी कमी पडले होते तिथेच हा प्रकार जास्त. खत कुठले घातले होते म्हणून विचारले, तर गोठ्यामागच्या ढिगातले, घाईत पसरलेले आणि अजून पुरते न कुजलेले.

यात नवल नाही. वाळवीचे खरे अन्न म्हणजे मेलेली वनस्पती. वाळलेली काडी, पाने, लाकूड, कच्चे शेण. कच्च्या खतामागे ती शेतात येते, आणि जमीन सुकली की शेजारच्या मुळांनाही सोडत नाही. ओल्या जमिनीत, चांगल्या कुजलेल्या खतात तिचा उपद्रव कमी असतो.

हिला इंग्रजीत पांढरी मुंगी म्हणायची जुनी पद्धत आहे, पण मुंगीशी तिचे काही नाते नाही. ती झुरळाच्या कुळातली. शास्त्रज्ञ पूर्वी वाळवीचा स्वतंत्र गण मानत. 2007 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून ती झुरळांचीच एक शाखा असल्याचे पक्के झाले. जगात तिच्या सुमारे 3000 जाती आहेत, भारतात अडीचशेहून अधिक. त्यांतल्या थोड्याच जाती माणसाच्या वाटेला जातात. बाकीच्या रानात आपले काम करत असतात. संसारही मुंग्या-मधमाश्यांहून वेगळा. तिथे नर मीलनानंतर मरून जातो. वाळवीचा राजा राणीजवळ आयुष्यभर राहतो. कामकऱ्यांत नर आणि मादी दोन्ही असतात, आणि सैनिकांचे जबडे एवढे मोठे की त्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, कामकरी भरवतात. (आमच्याकडेही अशी काही मंडळी आहेत, पण ते असो.)

गव्हाच्या मुळांवर येणाऱ्या मुख्य दोन वाळव्या म्हणजे ओडोंटोटर्मिस आणि मायक्रोटर्मिस. या दोघी शेतकरी आहेत. लाकूड आणि काडी पचवणे अवघड, म्हणून त्या ती चावून गिळतात आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेचे स्पंजासारखे पोळे वारुळात रचतात. त्यावर एक बुरशी वाढते. बुरशी काडीतला कठीण भाग फोडते, पोळे जुने झाले की वाळवी ते खाते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. हीच बुरशी पावसाळ्यात वारुळातून छत्री काढते. गोव्यात आणि कोकणात लोक वाट बघतात ती अळंबी, कन्नडात अणबे. माणसाला ती अजून लागवड करून पिकवता आलेली नाही.

वारुळाला कन्नडात हुत्त म्हणतात. नागपंचमीला आपण तिथे दूध घालतो ते नागासाठी, पण बांधणारी वाळवी. नाग आयता राहायला येतो. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण काही उगीच पडली नाही. उन्हाळ्यात काळी जमीन तडकते, गांडुळे खोल जाऊन स्वस्थ बसतात, तेव्हा काडीकचरा मातीत नेण्याचे काम वाळवी करत असते. तिच्या बोगद्यांतून पहिल्या पावसाचे पाणी खाली मुरते.

आता इंदूरची गोष्ट. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीतज्ज्ञाने इंदुरात वनस्पती-उद्योग संस्था सुरू केली. जमीन होळकर संस्थानाची. तिथे त्यांनी आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. दोघांचे पुस्तक 1931 मध्ये निघाले. हॉवर्डसाहेबांचे नाव सगळे घेतात, वाडांचे फार थोडे, याचे मला वाईट वाटते. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आधी शेतरस्त्यावर टाकायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होतो. मग उथळ खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर. पाणी शिंपायचे, तीनदा उलटे करायचे. सुरुवातीला ढिगावर पांढरी बुरशी चढते, तीन महिन्यांत खत तयार.

म्हणजे काम तेच. कठीण काडी बुरशीकडून फोडून घ्यायची. वाळवी ते जमिनीखाली करते, वाडांनी ते खड्ड्यात करून दाखवले. खड्ड्यात ते पुरे झाले, तर वाळवीला शेतात यायचे निमित्त उरत नाही.

हातोदच्या आसपास मात्र गहू निघाला की नरवाई, म्हणजे उरलेली धाटे, पेटवून देणारे अजून आहेत. कारण विचारा, कीड मरते म्हणतात. वाळवीचे घर जमिनीत खोल असते, वरच्या जाळाने तिचे काही बिघडत नाही. तिचे मेलेले अन्न तेवढे जळते. मग ती कशाकडे वळेल, ते सांगायला नको. औषधाचा मार्गही आपण चालून पाहिला आहे. बीएचसीची पांढरी भुकटी आणि ऑल्ड्रिन एकेकाळी घराघरांत होते. ती मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात म्हणून 1990 च्या दशकात दोन्हींवर बंदी आली. वाळवी आहे तिथेच आहे.

आपल्याकडे गव्हाऐवजी ऊस म्हणा, नरवाईऐवजी पाचट. कोरड्या सरीत लावलेल्या कांड्यांचे डोळे वाळवी खाते, ही तक्रार चिकोडीपासून जतपर्यंत ऐकू येते. लागणीआधी शेणखत हातात घेऊन पाहावे. शेणाचा वास येत असेल आणि काडी ओळखू येत असेल, तर ते अजून खत झालेले नाही. त्याला खड्ड्यात आणखी महिनाभर राहू द्यावे, आणि पाचटही त्याच खड्ड्यात घालावे.