बालरोग अतिदक्षता विभागातील छातीच्या एक्स-रेबाबत निवेदन

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय

विषय : अत्यवस्थ मुलांच्या छातीच्या एक्स-रेचा दर्जा सुधारणे व अनावश्यक एक्स-रे थांबवणे.

महोदय,

व्हेंटिलेटरवरच्या मुलाचा एक्स-रे पोर्टेबल मशीन खाटेशी आणून, मूल उताणे असतानाच काढावा लागतो. त्यात हृदय आहे त्यापेक्षा मोठे दिसते. फुप्फुसाभोवती साठलेली हवा पुढच्या बाजूला पसरल्याने नजरेतून निसटू शकते. या मर्यादा राहणारच. मात्र एका अंगावर कललेले मूल, छातीवर तशाच राहिलेल्या ईसीजीच्या वायरी आणि श्वास सोडताना घेतलेली फिल्म हे दोष टाळता येतात. श्वास सोडतानाच्या फिल्ममध्ये निरोगी फुप्फुसही न्यूमोनिया झाल्यासारखे पांढुरके दिसते.

तान्ह्या बाळाची श्वासनलिका जेमतेम 4 ते 5 सेंटिमीटर लांब असते. हनुवटी छातीकडे झुकली की तिच्यातल्या नळीचे टोक खाली सरकते, मान मागे गेली की वर. मानेची स्थिती नोंदवलेली नसेल, तर नळी अर्धा सेंटिमीटर मागे घ्यावी की नाही, हे खात्रीने ठरवता येत नाही. मग फिल्म पुन्हा काढली जाते आणि बाळाच्या अंगावर पुन्हा किरण पडतात.

फ्रान्समधील 21 अतिदक्षता विभागांचा अभ्यास 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. रोजच्याऐवजी गरजेनुसार एक्स-रे काढल्याने त्यांची संख्या सुमारे एक-तृतीयांशाने घटली. रुग्णांचे नुकसान झाल्याचे आढळले नाही. तो अभ्यास प्रौढांचा होता. मुलांचे शरीर किरणांना अधिक संवेदनशील असल्याने त्यांच्याबाबत हा विचार अधिक निकडीचा आहे.

आमच्या मागण्या :

1. रोजचा सरसकट एक्स-रे बंद करावा. नळी किंवा सेंट्रल लाइन घातल्यावर, तसेच प्रकृती अचानक बिघडल्यास तो विनाविलंब काढावा. मागणीपत्रावर नेमका प्रश्न लिहिणे बंधनकारक करावे.
2. फिल्मच्या वेळी परिचारिकेने बाळाला सरळ ठेवावे, वायरी बाजूला घ्याव्यात, मानेची स्थिती नोंदवावी. किरणांचा झोत छातीपुरताच असावा. बाळाला धरणाऱ्यास लेड ॲप्रन मिळावा.
3. रात्रपाळीतही मुलांच्या एक्स-रेचे प्रशिक्षण घेतलेला टेक्निशियन असावा.
4. रेडिओलॉजिस्टचा लेखी अभिप्राय त्याच दिवशी मिळावा; नळी चुकीच्या जागी दिसल्यास ताबडतोब फोन यावा.
5. खाटेशीच फुप्फुसाची सोनोग्राफी करता यावी, यासाठी मशीन व प्रशिक्षण द्यावे.
6. पुन्हा काढाव्या लागलेल्या फिल्मचा कारणांसह दरमहा आढावा घ्यावा.

पहिल्या मागणीला खर्च नाही आणि दुसरीला नगण्य आहे. या दोन्हींचा लेखी आदेश तातडीने काढावा आणि उर्वरित मागण्यांसाठी क्ष-किरणशास्त्र व बालरोग विभागांची संयुक्त बैठक बोलवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
निवासी डॉक्टर व परिचारिका,
बालरोग अतिदक्षता विभाग