तराजू कोणाच्या हाती?

१९९० सालची गोष्ट. भारतातील भातखाचरांतून दरवर्षी पावणेचार कोटी टनांहून अधिक मिथेन वायू वातावरणात मिसळतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मांडला. जगाच्या तापमानवाढीचे खापर चिखलात उभे राहून रोपे लावणाऱ्या भारतीय शेतकऱ्याच्या माथी फुटणार, अशी चिन्हे होती. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांनी निषेधाची पत्रके काढली नाहीत. १९९१ मध्ये देशभरातील संस्थांना सोबत घेऊन त्यांनी प्रत्यक्ष खाचरांत मोजणी केली. आकडा निघाला सुमारे चाळीस लाख टन, म्हणजे आरोपाच्या जेमतेम एकनवमांश! आरोपाला मोजमापाने दिलेले ते उत्तर होते.

आज तोच तराजू अंतराळात गेला आहे. जपानने जानेवारी २००९ मध्ये ‘इबुकी’ हा उपग्रह सोडला, अमेरिकेचा ‘ओसीओ-२’ जुलै २०१४ मध्ये झेपावला. चीन व युरोपही या क्षेत्रात उतरले. पॅरिस करारान्वये दर पाच वर्षांनी जगाच्या प्रगतीचा आढावा घेतला जातो. अशा वेळी उपग्रहांचे आकडे साक्षीदाराच्या भूमिकेत येणार, हे उघड आहे. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी कोणी करायची?

हा प्रश्न संशयापोटी नव्हे, विज्ञानातूनच उद्भवतो. उपग्रह वायूचे रेणू मोजत नाही. जमिनीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशातील कोणत्या तरंगलांबी किती शोषल्या गेल्या, हे तो पाहतो व त्यावरून गणिताने वायूचे प्रमाण काढले जाते. हवेतील धूळ, धूर, विरळ ढग आणि जमिनीचा उजळपणा या साऱ्यांमुळे हे गणित चुकू शकते. कार्बन डायऑक्साइडचे हवेतील प्रमाण दशलक्ष भागांत चारशे वीसहून अधिक आहे आणि शोधायचा असतो तो एक-दोन भागांचा फरक. चूकही तेवढीच झाली, तर शोध आणि भ्रम यांत अंतर उरत नाही.

म्हणून २००४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पार्क फॉल्स येथून भूकेंद्रांच्या एका जागतिक जाळ्याचा आरंभ झाला. या केंद्रांतील वर्णपटमापक थेट सूर्याकडे रोखलेले असतात. जमिनीवरून परतणाऱ्या प्रकाशाची गुंतागुंत तेथे नसते. त्यांची स्वतःची पारख विमानांतून व फुग्यांतून वेगवेगळ्या उंचीवर केलेल्या मोजणीने होते. ‘ओसीओ-२’ अशा केंद्रावरून जाताना मुद्दाम त्यावर रोखला जातो आणि दोन्ही आकडे पडताळले जातात. सोन्याला कसोटी असते, तशी उपग्रहाला ही केंद्रे.

अडचण अशी की, ही केंद्रे प्रामुख्याने उत्तर अमेरिका, युरोप, जपान व ऑस्ट्रेलियात एकवटली आहेत. दक्षिण आशियात, जेथे हिवाळ्यात गंगेच्या खोऱ्यावर धुरक्याची चादर असते आणि पावसाळ्यात महिनोन्महिने आकाश झाकलेले असते, तेथे कसोटी विरळ आहे. जेथे चुकीची शक्यता अधिक, तेथेच तपासणी कमी! गोव्यात काब द रामला १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेले आणि पुढे सिंहगडावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते घेतले, हे काम मोलाचे आहे. परंतु ते भूपृष्ठाजवळच्या हवेचे. जमिनीपासून आकाशापर्यंतच्या संपूर्ण स्तंभाची पारख त्याने होत नाही.

उपग्रह म्हणजे भारताविरुद्धचे कारस्थान, असे मानणे मात्र आत्मवंचना ठरेल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जमिनीवरील, विमानातील व ‘इबुकी’च्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलेले मिथेनचे आकडे विश्वासार्ह असल्याची ग्वाही त्यातूनच मिळाली. याउलट २०२२ मधील अभ्यासात दिल्ली व मुंबईसह चार महानगरांचे मिथेन उत्सर्जन प्रचलित अंदाजांच्या दीड ते अडीच पटीच्या घरात आढळले आणि त्यात कचराभूमींचा वाटा मोठा होता. पहिला निष्कर्ष मिरवायचा आणि दुसरा नाकारायचा, हे सत्यनिष्ठेला शोभणारे नाही. कचराभूमीतून निघणाऱ्या वायूचा त्रास प्रथम तिच्या कुशीत राहणाऱ्या भारतीय कुटुंबालाच भोगावा लागतो.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक यान उतरवणाऱ्या देशाला अशी मोजणी अशक्य नाही. गंगेचे खोरे, दख्खनचे पठार, किनारपट्टी आणि हिमालयाचा पायथा अशा भिन्न हवामानांच्या प्रदेशांत आंतरराष्ट्रीय दर्जाची पडताळणी केंद्रे उभारावीत, ती दीर्घकाळ चालतील असा निधी द्यावा आणि त्यांच्या नोंदी जगासमोर खुल्या ठेवाव्यात. खुल्या नोंदींनाच वजन असते. झाकलेल्या आकड्यावर मित्रही विश्वास ठेवत नाही.

१९९१ मध्ये खाचरात उतरलेल्या शास्त्रज्ञांनी देशाची बाजू राखली, ती घोषणांनी नव्हे. दुसऱ्याच्या तराजूवर रुसून बसणाऱ्यापेक्षा स्वतःचा तराजू निर्दोष राखणाऱ्याचाच शब्द जगाच्या बाजारात चालतो.