सब्र कर, पण कुठवर?

तिहेरी तलाकवर आपण वर्षानुवर्षे तावातावाने बोललो. २०१९चा कायदा योग्य की अयोग्य, यावर मोहल्ल्यातल्या प्रत्येकाचं मत आहे. पण ज्या निकाहात तलाक होत नाही आणि बाई मात्र रोज थोडी थोडी संपते, त्याबद्दल आपल्या जलशांत चकार शब्द निघत नाही.

"हात तर उचलत नाही ना?" हा आपला एकमेव निकष. हात फार उशिरा उठतो. त्याआधी मोबाइलचा पासवर्ड मागितला जातो, "तुझी अम्मी कान भरते" म्हणत मायक्याला जाणं बंद होतं, नोकरी असली तर एटीएम कार्ड त्याच्या खिशात जातं. पालकसभेत साध्या प्रश्नालाही आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देणाऱ्या आया मी दरवर्षी बघते. अब्बांची गाडी वाजली की टीव्ही बंद करून कोपऱ्यात बसायचं, हे सहा वर्षांच्या पोराला कुणी शिकवलं? "गुस्से का तेज है, दिल का साफ है," सासू सांगते. मग हा गुस्सा साहेबासमोर, गिऱ्हाइकासमोर कसा आवरतो?

२००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने शिवीगाळ, अपमान, पैशांची अडवणूक हेही हिंसेत धरलं आहे. तो सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, आणि त्यासाठी आधी तलाक घ्यावा लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर, सब्र कर. सब्र म्हणजे निमूट सोसणं असतं तर कुरआनातल्या ५८व्या सूरहची सुरुवात नवऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईपासून झाली नसती. हजरत खौला थेट पैगंबरांशी वाद घालत होत्या, आणि अल्लाहने ते ऐकलं. हजरत आयेशांची रिवायत आहे की रसूलुल्लाहांनी कधी कुठल्या बाईवर किंवा नोकरावर हात उचलला नाही. दाढीची सुन्नत मोजणारे ही सुन्नत सोयीने विसरतात. आणि 'समाजाची बदनामी होईल' ही भीती मारणाऱ्याला कुणी का घालत नाही?

शंका आली तर तिला एकटीला गाठून विचारा, त्याच्यासमोर कधीच नको. "आत्ताच्या आत्ता निघून ये" असा धोशा लावू नका. बाई निघायला लागते तेव्हाच धोका वाढतो. निकाहनामा, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स आपल्याकडे ठेवून घ्या. १८१ हा हेल्पलाइनचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह करू नका. तो मोबाइल रात्री तपासला जातो. नंबर तोंडपाठ करून घ्या.