खाचरात बेडकाची पिल्लं असताना पंप काढू नका



भाताची पानं पांढरी पडायला लागली, पाण्यावर सुरळ्या तरंगताना दिसल्या की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच, "कुठलं औषध मारू?" माझं स्पष्ट मत आहे, सुरळीतल्या अळीसाठी बहुतेक वेळा औषधाची गरजच नसते. खाचरात बेडकाची पिल्लं असतील तर मारूच नये.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. म्हणजे चुडावरून ओघळून पाण्यात उतरलेलं औषध सरळ त्याच्या अंगात जातं. शेपटीवाल्या पिल्लांना तर त्या वीतभर पाण्याबाहेर जाताच येत नाही. "निंबोळीचं आहे, काही होत नाही" असं म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात आपण साबण कालवतो, तोही कातडीला बाधतो.

ही अळी पानाचा तुकडा कापून सुरळी करते आणि तिच्यात बसून पाण्यावरून दुसऱ्या चुडाकडे जाते. पाणी नसलं की तिचं अडतं. दोघांनी दोन्ही बांधांवरून दोरी धरून पिकावरून ओढायची, सुरळ्या पाण्यात पडतात. मग पाणी सोडायचं, तोंडाशी जुनी मच्छरदाणी लावून सुरळ्या गोळा करायच्या आणि नष्ट करायच्या. पाण्यात रॉकेल टाकायचा जुना सल्ला आहे. तो मला पटत नाही, कारण त्यात पिल्लंही जातात.

पण पाणी सोडलं की पिल्लं उघडी पडतात, ही खरी पंचाईत. त्यासाठी लावणीच्या वेळीच खोलगट कोपऱ्यात हातभर खोल खड्डा ठेवावा. पाणी हळू सोडलं तर पिल्लं पाण्यामागे तिकडे सरकतात. जाळीत आलेली उचलून खड्ड्यात टाकायची. दोन चुडांची जागा जाते, जाऊ दे.

बेडूक काही आपला सालदार नाही. समोर हलेल ते खातो, त्यात आपल्या कामाचा कोळीही जातो. तरी रात्रभर किडे टिपणारा दुसरा कोण आहे आपल्याकडे? 1987 साली सरकारने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, आणि आता आपण त्याला खाचरातच मारतोय.

मी फवारणीच्या विरोधात नाही. तुडतुडे वाढले तर मारावंच लागतं. पण आधी वाकून बुंध्याशी मोजा. चुडाला पाच-दहा भरत नाहीत तोवर पंप पडवीतच राहू दे, आणि युरियाचा हातही जरा आखडता घ्या.