सूर्याची शक्ती, भूमीचे पाणी

आमच्या वसतिगृहातील बहुसंख्य मुलांचे आईवडील कोरडवाहू शेतकरी अथवा शेतमजूर आहेत. सुट्टीहून परतलेल्या मुलांकडे घरची ख्यालीखुशाली विचारली, की अनेकदा एकच गोष्ट कानी येते : बाबा रात्री पाणी द्यायला शेतावर जातात. शेतीची वीज मध्यरात्री येते. मग अंधारात, चिखलात, विंचूसापांचे भय पत्करून दारे धरावी लागतात. ज्या घरात ही धास्ती नित्याची आहे, त्या घराच्या दृष्टीने सौर कृषिपंप ही चैनीची वस्तू नव्हे. त्याचा प्रसार झालाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केंद्र शासनाने २०१९ साली ‘पीएम-कुसुम’ योजना सुरू केली. २०२४ पासून आपल्या राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना राबविली जात आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने केवळ ५ टक्के रक्कम भरावयाची असते. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. दिवसा पाणी, वीजबिल नाही, डिझेलचा धूर नाही. आपल्या पालकांनी या सवलतीचा लाभ अवश्य घ्यावा.

परंतु येथेच सावध होणे अगत्याचे आहे. ऊन फुकट असले तरी पाणी फुकट नाही. डिझेल महाग असताना शेतकरी पंप वेळेवर बंद करतो. ज्याला चालविण्याचा खर्चच नाही, तो पंप बंद करण्याची आठवण कोण ठेवणार? महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत मावेल तेवढेच पाणी साठते. एकाने अधिक उपसले, की शेजाऱ्याची विहीर आटते.

शिवाय या योजनेसाठी विहीर, कूपनलिका वा शेततळे असा पाण्याचा स्रोत आधी असावा लागतो. ज्याच्यापाशी विहीरच नाही, जमीनच नाही, त्याचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येने ठरला, भूमिहीनांचाही हक्क मानला गेला आणि उसासारख्या पिकाला मज्जाव झाला. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था स्थापून उरलेली वीज वीज कंपनीला विकण्याचा मार्ग दाखविला. विजेचेही पैसे मिळू लागले, म्हणजे विनाकारण उपसा करण्याचा मोह कमी होतो.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : सौरपंपासोबत ठिबक सिंचन यावे, ग्रामसभेने पावसाळ्यानंतर विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि त्यावरून रब्बीचे पीक ठरवावे, आणि ज्यांना विहीर नाही, अशा अल्पभूधारकांनी गट करून सामायिक विहीर व सामायिक पंप मागावा. विहिरींची पातळी मोजण्याचे काम तर आमचे विद्यार्थीही करू शकतील. त्यासाठी एक दोर, एक वजन आणि एक वही पुरेशी आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, ते सार्वजनिक पाण्यावरील समान हक्क प्रस्थापित करण्यासाठी. जमिनीखालचे पाणीही असेच एक तळे आहे. मात्र ते दिसत नाही, म्हणून ज्याचा पंप मोठा त्याचे ते होऊन बसते. या न दिसणाऱ्या तळ्यावरही सर्वांचा हक्क आहे, हे आपल्या गावाला पटवून देण्याची जबाबदारी येथे शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीवर आहे, असे आम्ही मानतो.