बोर्डाची धांव आणि बोर्डाची झोंप

गतवर्षीं आमच्या शाळेंतील मुलांनीं बोर्लींतील एका सुपारीच्या वाडींत मातीचा ओलावा मोजणारें एक लहानसें यंत्र बसविलें. दर तासास ओलाव्याचा आंकडा मोबाईलवर यावा, अशी योजना होती. पहिल्या दिवशीं आंकडे बिनचूक आले. दुसऱ्या दिवशीं यंत्र मुकें झालें. बॅटरी संपली होती. मुलांनीं अधिक मोठी बॅटरी मागितली व एकदोन पालक ती देण्यास सिद्धही झाले. आमच्या मतें दोष बॅटरीचा नव्हता, आमच्या शिकविण्याचा होता.

त्या बोर्डावरील 'ईएसपी-३२' ही चीप सेकंदास चोवीस कोटी ठोक्यांपर्यंत, म्हणजे २४० मेगाहर्ट्झनें धांवूं शकते. मातीचा ओलावा तासाभरांत असा किती बदलणार ! तरी आमचा प्रोसेसर रात्रंदिवस जागा होता. तो सरासरी ८० मिलिअँपिअर प्रवाह घेतो असें धरल्यास २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २५ तासांत रिती होणारच.

घड्याळाचा वेग कमी केला कीं वीज वांचली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी. वेग निम्मा केला तर क्षणाचा खर्च निम्मा होतो, पण कामास वेळ दुप्पट लागतो. मग वांचलें काय? खरी बचत विद्युद्दाब उतरविण्यांत आहे, कारण खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. दाब दहा टक्के उतरला तर खर्च एकोणीस टक्के उतरतो. मंद वेगास कमी दाब पुरतो, म्हणून मोठे बोर्ड दोन्ही एकदम बदलतात. 'रास्पबेरी पाय ४' हा बोर्ड काम नसतां ६०० मेगाहर्ट्झवर उतरतो व काम येतांच १५०० किंवा त्याहून वर चढतो. ही व्यवस्था पाहणाऱ्या भागास 'गव्हर्नर' म्हणतात. त्यांतील 'पॉवरसेव्ह' हें नांव पाहून मुलें भुलतात. तो प्रोसेसरास किमान वेगास बांधून ठेवतो, इतकेंच. काम रेंगाळतें आणि तोंवर बोर्डाचा बाकीचा संसार वीज खातच असतो.

आपल्या वाड्यांतून पूर्वीं रहाटास रेडा जुंपीत. पाणी पुरेसें झालें कीं त्यास सोडीत; रात्रभर सावकाश फिरवीत ठेवण्यांत कोणीं काटकसर मानिली नसती. आमच्या चिपेसही असेंच सोडतां येतें. गाढ झोंपेंत ती सुमारें १० मायक्रोअँपिअर घेते. तासांतून दहा सेकंद जागी राहिली, तर सरासरी पाव मिलिअँपिअरहून कमी. तीच बॅटरी कागदावर तरी वर्षभर पुरावी. कागदावर, असें म्हणण्याचें कारण तो लाल दिवा ! चीप झोंपली तरी बोर्डावरील दिवा, यूएसबीची चीप व दाब-नियंत्रक जागेच असतात. ते सारे मिळून १० मिलिअँपिअर घेत असले, तरी वर्षाचे आठ दिवस होतात.

इतका हिशेब कशास, वीज स्वस्त आहे, असें कोणी म्हणेल. त्यांनीं ३ जून २०२० आठवावा. 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलें, पोफळी व नारळ आडवे झाले, विजेचे खांब पडले आणि कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. पावसाची व वाऱ्याची नोंद जेव्हां सर्वांत हवी, तेव्हांच चार्जर निरुपयोगी असतो. मुंबईच्या आय. आय. टी.नें घडविलेल्या 'अजित' प्रोसेसराचा वेगही शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासचाच. सेकंदास किती ठोके, या एकाच मापानें यंत्राची योग्यता ठरविणें आम्हांस पटत नाहीं.

प्रदर्शनांत मात्र आम्ही परीक्षक चकाकणाऱ्या पडद्यांसच गुण देत आलों, हें कबूल केलें पाहिजे. पुढील वर्षीं प्रत्येक यंत्र पंधरा दिवस अगोदर बॅटरीसह कपाटांत बंद करावें आणि उघडण्याच्या दिवशीं जें बोलत असेल तेंच प्रथम पाहावें, अशी आमची सूचना आहे. पालकांस विनंती एवढीच कीं, मोठ्या बॅटरीऐवजीं मुलांस एक मल्टिमीटर घेऊन द्यावा.

तें जुनें यंत्र पुन्हां त्याच वाडींत आहे. नववींतील एका मुलीनें त्याचा लाल दिवा काढून टाकिला. हें लिहीत असतां तेरावा दिवस चालू असून सकाळचा आंकडा आला आहे.