श्यामच्या आईचे नाव काय?

बँकेत होतो तेव्हाची गोष्ट. धर्माबादच्या मिरची बाजारातला एक हमाल खाते उघडायला आला. फॉर्मवरच्या ‘आईचे नाव’ या रकान्यापाशी तो थबकला. “आमी मायच म्हंतो साहेब. नाव घरी इचारून सांगतो.” मी हसलो. मग मनात आले, श्यामच्या आईचे नाव तरी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ती यशोदा साने, कोकणातल्या पालगडची. घर कर्जात बुडाले, सावकाराचे तगादे सुरू झाले, तरी तिने मुलांना ताठ मानेने जगायला शिकवले. १९१७ साली ती गेली, तेव्हा पांडुरंग सतरा वर्षांचा होता. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी तिच्या आठवणी लिहून काढल्या आणि ती साऱ्या महाराष्ट्राची आई झाली. नाव मात्र मागेच राहिले.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, आईचे नाव बंधनकारक झाले आहे. चांगलेच झाले. पण रकाना भरला म्हणजे ओळख झाली असे नाही. मुलांना घेऊन आजीपाशी बसा, तिचे माहेरचे नाव विचारा. ते सांगता सांगता तिला जे आठवेल, ते कुठल्याच पुस्तकात नसेल.